बाळंतिणींच्या मदतीसाठी

साल १९३२. गरीब बायकांची बाळंतपणं फुकट व्हावीत, त्यासाठी फंड हवा, म्हणून रत्नागिरीतल्या प्रतिष्ठित मंडळींनी दुपारचं नाटक लावलं. देणगीदारांना दया काही आपोआप येत नाही. म्हणून पूर्णगडच्या मथुरेला, नववा महिना भरत आलेला असताना, बैलगाडीतून आणून पहिल्या बाकावर बसवलं होतं.

तिसऱ्या अंकात नायिका बाळंतपणात अडते. नायिका म्हणजे चारुदत्त वकील. लुगडं नेसून ते असे काही कण्हले, की बागायतदारांचे रुमाल भिजले. फंडातून जिला नेमायचं होतं, ती नर्सबाईसुद्धा डोळे पुसत होती.

तेवढ्यात मथुरा खरीखुरी कण्हू लागली. तिची सासू येसूबाई सेक्रेटरी श्रीपतरावांकडे धावली.

"सायेब, सुनेला कळा सुटल्यात. त्या नर्सबायला उठवा."

श्रीपतराव लगबगीने पहिल्या बाकापाशी आले, मथुरेपुढे वाकले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले,

"अगो, जरा हळू कण्ह. तुझ्यापायी मागच्यांना बाळंतीण ऐकू येत नाही."