एकाच गावच्या दोघी

रेक्टरबाईंनी दार ढकललं आणि मोठ्या हौसेनं म्हणाल्या, "ओळख पाहू, कोण आलंय!"

खोलीतली मुलगी उशीला अभ्रा घालत होती. तिनं वर पाहिलं आणि उशी हातातून गळून पडली. बाईंच्या मागून आलेली नवी मुलगी उंबऱ्यातच थिजली.

"अगं, लाजताय काय अशा? एकाच गावच्या ना तुम्ही?"

वीस वर्षं वसतिगृह सांभाळून बाईंनी एक हिशोब पक्का केला होता. लांबून आलेल्या मुलीला गावचंच कुणी सोबतीला मिळालं की ती आठवड्यात रुळते, नाहीतर महिनाभर उशी भिजवते. या दोघींचं गाव तर नकाशात भिंग घेऊन शोधावं एवढंसं. कॉलेजच्या प्रवेशयादीत ते दोनदा दिसलं, तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता! तीन मुलींची नाराजी ओढवून घेत, त्यांना इकडेतिकडे हलवून त्यांनी ही खोली जुळवून आणली होती.

नव्या मुलीचा काका खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन धापा टाकत जिना चढून आला. आत नजर गेली मात्र, त्यानं ट्रंक तिथंच धाडकन खाली टाकली.

"ही इथं कशी?"

"म्हणजे? तुमच्याच गावची आहे, म्हणून मीच मुद्दाम..."

"बाई, हिच्या बापानं माझ्या भावाचा जीव घेतला. भर चौकात, कुऱ्हाडीनं. जन्मठेप भोगतोय तो."

बाईंनी दाराची चौकट धरली.  कशाबशा म्हणाल्या, "मी... मी हिची दुसरीकडे सोय करते. माझ्या खोलीत गादी टाकते." वसतिगृहात एकही खाट रिकामी नव्हती.

"काही नको. चल गं घरी," काका म्हणाला. "झालं तेवढं शिक्षण बास."

"तिला राहू द्या," आतली मुलगी घाईघाईनं म्हणाली. "मीच जाते." ती चपला शोधू लागली. एक पायात आली, दुसरी काही केल्या सापडेना.

"थांब." नवी मुलगी पहिल्यांदाच बोलली. "तुझ्या वडिलांचं इथं कुणाला सांगितलंयस?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग माझ्या वडिलांचंही सांगायचं नाही."

ती काकाकडे वळली. "काका, दोन वर्षं झाली, मी कुठंही गेले की बायका बोलायच्या थांबतात. आज खाली फाटकापाशी एका मुलीनं मला नाव विचारलं. नुसतं नाव. मी परत येणार नाही."

"आणि हिच्या शेजारी झोपशील? हिच्या?"

तिनं वाकून ट्रंकेची कडी धरली आणि ओढू लागली. ट्रंक जड होती, उंबऱ्याला अडली. आतली मुलगी धावत पुढं आली.

"हात लावू नकोस."

ती जागच्या जागी थबकली. नव्या मुलीनं एकटीनंच हिसडा देऊन ट्रंक आत घेतली. फरशीवर लांबलचक ओरखडा उठला. एरवी अशा ओरखड्यावरून बाईंनी वसतिगृह डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांना तो दिसलाही नाही. काका व्हरांड्यात भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता.

खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीखालच्या खाटेवर अंथरूण घातलेलं होतं, दुसरी भिंतीला लागून कोपऱ्यात. आतल्या मुलीनं भराभर आपलं अंथरूण गुंडाळायला घेतलं.

"तू इथं झोप. खिडकीपाशी."

नव्या मुलीनं ट्रंक कोपऱ्यातल्या खाटेखाली सरकवली. तिच्याकडे न बघताच ती म्हणाली,

"राहू दे. तुला खिडकीशिवाय झोप येत नाही."