ठिपक्यापुढचं कापड

सतरंजीवर वकिलांची तीन कार्डं होती, एफआयआरची चार पानं होती आणि प्रज्वलचे दोन फोटो होते. प्रज्वलला पोलिसांनी नेऊन अकरा दिवस झाले होते. तिघांतला एक वकील त्याच्या आईला, तुळजाबाईला, आज संध्याकाळपर्यंत ठरवायचा होता.

"पहिला नको," रोशनी म्हणाली. "आपण बोलून राहिलो होतो आणि तो मोबाईलमध्ये क्रिकेट पाहून राहिला होता."

तिनं भावाच्या फोटोशेजारचं एक कार्ड उलटं ठेवलं. दोन उरली.

प्रकरण लांबलचक नव्हतं. सोमवारी रात्री साडेनऊला बेसा रोडवर कोणीतरी चंदनच्या डोक्यात रॉड घातला. तिसऱ्या दिवशी धंतोलीतल्या एका दवाखान्यात तो वारला. प्रज्वल आणि तो मिहानच्या एकाच गोदामात कामाला होते. तुळजाबाईच्या हातचा रस्सा चंदन नाक पुसत पुसत खायचा आणि पाणी पुढं केलं की म्हणायचा, "पाणी राहू दे मावशी, रस्साच वाढ." अजूनही वाढताना तिचा हात त्याच्या ताटाकडे जायचा.

प्रज्वलचं म्हणणं एकच होतं. त्या रात्री आठ ते अकरा मी घरीच हातमागावर विणत बसलो होतो. त्याला साक्षीदारही एकच. रोशनी त्या दिवशी मैत्रिणीकडे होती. तुळजाबाई बाजूच्या खोलीत गुडघे शेकत पडली होती. दार लोटलेलं होतं आणि पलीकडे माग खटखट चालला होता. अकरापर्यंत तिनं तो ऐकला. चाळीस वर्षं ती त्याच आवाजात झोपत आली होती. पोलिसांनाही तिनं तेच सांगितलं होतं.

"गुलाबचंद वकीलच बरे," ती म्हणाली. "ते म्हणाले, कोर्टात 'ऐकला' नका म्हणू, 'पाहिला' म्हणा. पोरगा सुटला समजा. एका शब्दाचा तर फरक हाये."

"माय, तो एक शब्दच खोटा हाये."

"आणि तुही ती हर्षा वकील? त्या दिवशी विणलं किती, हे कोणी मोजलं का म्हणे! भरोसा नाही तर आमाले बसवलं काहून?"

"तिचा भरोसा हाये वं. समोरचा वकील मोजायले लावन, म्हणून तिनं आधी विचारलं. तीन हात कापड निघालं तर तुले 'पाहिला' म्हणायचं कामच नाही."

"बीएस्सी काय झाली, सगळं मोजूनच पाह्यजे तुले!"

पण मोजण्यासारखं होतं खरं. प्रज्वल मागावर बसण्याआधी ओल्या बोटानं कापडाच्या काठावर कुंकवाचा ठिपका लावायचा. त्याचे वडील लावायचे, म्हणून तोही. ठिपक्यापुढं जे विणलं जाईल ते त्या दिवसाचं काम. सोमवारी ठिपका लावताना तुळजाबाई तिथंच उभी होती. मंगळवारी पहाटेच त्याला नेलं. तेव्हापासून मागावर जुनं लुगडं पांघरलेलं होतं. विणकर उठून गेला तर त्याचं अर्धं कापड दुसऱ्यानं उघडायचं नाही, अशी या घरातली रीत होती. पोलिसांना ते लुगडं उचलायचं सुचलं नव्हतं.

तुळजाबाईनं गुलाबचंद वकिलांचं कार्ड हातात घेतलं. मग एकदम तिनं मान वळवली.

"ऐक. माग चालू झाला."

"कुठं वं माय? माग तर बंद हाये."

"शेजारच्यांचा असन."

"गल्लीत आपल्याशिवाय कोणाचा माग उरला आता?"

तुळजाबाई ऐकत राहिली. खटखट थांबली नाही. रोशनी तिच्या तोंडाकडे पाहत होती. बाहेर भरदुपार होती, आणि दाराच्या फटीतून मागावरचं लुगडं दिसत होतं.

तुळजाबाईनं कार्ड खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दार ढकललं.

"टेप आणू?" रोशनीनं विचारलं.

"नको."

तिनं लुगडं काढलं. प्रज्वलचा हात तिला पाठ होता. तासाला एक हात कापड. तीन हात झालं असेल तर सोमवारचा ठिपका विणलेल्या कापडाबरोबर केव्हाच खालच्या रुळावर गुंडाळला गेला असणार. रूळ उलगडायला ती वाकली.

उलगडावं लागलं नाही. ठिपका वरच होता, धागा ठोकणाऱ्या फणीच्या अलीकडे.

तुळजाबाईनं ठिपक्यापासून शेवटच्या धाग्यापर्यंत आपला हात आडवा टेकवला.

चार बोटं.