तापीत सोडलेलं इंजिन

इंजिन तापीत उतरलं आणि बुडालं नाही. काठावर जमलेलं निम्मं गाव तिथेच हिरमुसलं. ते बुडताना पाहायला म्हणून तर लोक कापसाची वेचणी सोडून आले होते.

गिरधर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याच्यासमोर चार रिकामी पिंपं, पिंपांवर सागाच्या फळ्या, आणि फळ्यांवर रॉकेलचं इंजिन व त्याला जोडलेला पाण्याचा पंप, असं सगळं बिऱ्हाड डुलत होतं. बसायला जागा उरली नव्हती. चालवणाऱ्याने उभं राहायचं आणि सायकलचं हँडल धरायचं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग इंजिनाला दिला होता. हँडलला घुंगरांची माळ त्याच्या बायकोने, सिंधुबाईने बांधली होती. नवऱ्याचं खूळ जगजाहीर झालंच आहे, तर ते नटवून तरी पाठवावं, असा तिचा विचार.

मुळात हे मळ्यातलं इंजिन. एकसष्टच्या पावसाळ्यात ते आठवडाभर पुराच्या गाळात रुतून बसलं. गिरधरच्या वडलांनी, हिंमतरावांनी नवं इंजिन घेतलं आणि जुनं मोडीत काढायचं ठरवलं. ते नदीवर चालवून दाखवायचं म्हणून गिरधरने ओसरीवर ओढून आणलं. दसऱ्यापासून त्याने पिस्टन घासला, रिंगा बदलल्या, पंपाला सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून घातले. घरातल्या भाकरीलाही ऑइलचा वास येऊ लागला. हिंमतराव रोज जाता-येता बघत, पण बोलत नसत. तोंडावर कौतुक केलं की पोर बिघडतं, हे त्या घराचं तीन पिढ्यांचं मत होतं. गिरधर बत्तीस वर्षांचा झाला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी बिघडायच्या वयातून काही अजून बाहेर आला नव्हता.

आज नदीवर येताना हिंमतराव एवढंच म्हणाले, "नही चालनं ते उद्या तळोदाना भंगारवालाले दी टाकसू."

इंजिन गेलं असतं तर गिरधरला वाईट वाटलंच असतं. पण त्याला खरं हवं होतं ते दुसरंच. वडलांच्या तोंडून एक चांगला शब्द. नुसतं "बरं शे" म्हणाले असते तरी त्याचं भागलं असतं.

इंजिनाचं तोंड प्रवाहाच्या दिशेने करून तो फळीवर चढला. चाकाला दोरी गुंडाळून त्याने हिसका दिला. इंजिन खोकलं, थुंकलं आणि एकदाचं चालू झालं. पंपाने खालून नदीचं पाणी ओढलं आणि समोरच्या नळीतून मनगटाएवढी धार सोडली. नळी समोरच बसवली होती. मळ्यात इंजिन सुरू केलं की शेतकरी नळीच्या तोंडाकडे बघतच उभा राहतो. पुढे पाणी जातं आणि त्याच्यामागून सगळं शेत हिरवं होत जातं. जिकडे पाणी तिकडे आपण, हा हिशोब गिरधरच्या हाडात मुरला होता.

तापीला तो हिशोब ठाऊक नव्हता. धार पुढे गेली आणि इंजिन निघालं मागे.

"आरे, हाई ते मांगे चालनं!" धुडकू सुतार ओरडला. साऱ्या काठाला हसू फुटलं. पोटं धरधरून हसले लोक. सिंधुबाईने पदर तोंडात कोंबला, पण हसू काही दबेना.

गिरधरचे कान तापले. इथेच बंद करावं, तर ढकलत ढकलत वडलांपुढे न्यायचं. त्यापेक्षा जाईल तिकडे जाऊ दे. त्याने हँडल घट्ट धरून फिरवलं, इंजिनाची पाठ पलीकडे केली आणि मान मागे वळवून समोरचा काठ हेरला. तिथे त्याची सासुरवाडी होती. इंजिन उलट्या पावलांनी, पण तडफेने तिकडे निघालं.

मान दुखायला लागली तेव्हा त्याने समोर पाहिलं. समोर त्याचं गाव होतं, आणि काठाने एक म्हातारा धावत होता.

हिंमतराव! त्यांना दूरचं धुरकट दिसे. जाणाऱ्याची आपल्याकडे पाठच असणार, या भरवशावर ते मोकळे सुटले होते. धोतर खोचलेलं, टोपी हातात. त्यांनी धुडकूचा खांदा धरून त्याला गदागदा हलवलं, नदीकडे बोट दाखवलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. मग दुसऱ्याला धरलं, मग तिसऱ्याला. धरायला कोणी उरलं नाही, तेव्हा दोन्ही हात वर करून ते वाळूत एकटेच नाचू लागले.

पिंपं पलीकडच्या काठाला टेकली. गिरधरने इंजिन बंद केलं. नदीवर एकदम शांत झालं आणि पाण्यावरून वडलांचा चिरका आवाज आला, "मन्हा पोऱ्या शे तो! मन्हा!"

गिरधरला रडू आलं आणि हसूही आलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

त्याचा मेहुणा भटू शेतातून धावत आला होता. त्याने यंत्राला एक चक्कर मारली आणि चूक लगेच ओळखली.

"दाजी, नळी मांगे फिरवी देऊ का? मंग घर सुल्टा जाशात."

गिरधरने डोळे पुसले आणि पलीकडे पाहिलं. म्हातारा अजून थांबला नव्हता.

"नको, भटू. मन्हं तोंड दिखनं ते आबा नाचनं बंद करी देतीन."