हक्काची खुर्ची

टेस जन्मली त्या दिवशी ब्रेंडन दवाखान्यातून थेट मेलबर्नच्या मोठ्या स्टेडियमवर गेला आणि सभासदांच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव घालून आला. बायको आठवडाभर बोलली नव्हती. अठ्ठावीस वर्षांनी परवा पत्र आलं. कालच्या नव्वद हजारांच्या गर्दीत उभं राहून सुजलेले गुडघे चोळत, रविवारी सकाळी त्याने कॅनडात राहणाऱ्या टेसला फोन लावला.

"पोरी, तुझा नंबर लागला! हक्काची खुर्ची. महिन्याभरात येऊन सही कर, नाहीतर नाव खोडतील."

"बाबा, मी नाही येणार आता तिकडे राहायला. इथे आमचा संघ उभा राहतोय."

"त्या बर्फाच्या देशात? आपला लांबट चेंडूचा फुटबॉल खेळतंय कोण?"

"अठरा लागतात, आज अकरा आले. गेल्या वर्षी सातच होतो."

"आणि बघायला?"

"कोणी नाही. एक म्हातारा कुत्रं फिरवायला येतो, तो बसतो कधीकधी बाकावर."

ब्रेंडनने पत्राची घडी घातली. जन्मभर त्याने सामने उभ्यानेच बघितले होते.

"त्या म्हाताऱ्याला म्हणावं, जरा सरकून बस. मी येतोय."