कडेपर्यंत जांभळी

आईच्या तोंडाकडे बघण्याआधी लेकीने तिच्या पाठीकडे बघितलं. आई कुशीवर पडली होती. अंथरुणाला खिळून कंबरेखाली जखम झालेली, आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी मधल्या भागापासून पार कडेपर्यंत जांभळी झाली होती.

ही पट्टी लेकीनेच घडवलेली. जखमेचं पाणी शोषून घ्यायचं आणि पोट भरत आलं की वरच्या बाजूने जांभळं व्हायचं, एवढंच तिचं काम. रंग कडेला पोचला की बदला. ती नोकरीला होती त्या कारखान्यात या पट्टीची वाहवा झाली होती. घरात मात्र लेकीने त्याच पट्टीला दुसऱ्या कामाला लावलं होतं. भावाची बायको आईचं नीट करते की नाही, ते ती पट्टीला विचारायची.

"वहिनी, ही कधी बदललीस?"

"आत्ताच. आईंचं जेवण झाल्यावर."

"आत्ता? आणि एवढ्यात भरली?"

"भरली खरी."

लेकीच्या मनात पाल चुकचुकली. काल जाताना स्वतः लावलेल्या पट्टीच्या कोपऱ्यात तिने पेनाने एक ठिपका काढून ठेवला होता, कुणाला दिसू नये इतका बारीक. ती वाकली, कोपरे बघितले. ठिपका नव्हता. म्हणजे पट्टी बदललेली होती. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर बरं वाटलं असतं, पण संशयी माणूस एक दार बंद झालं की खिडकी ढकलून बघतो.

"अंग पुसताना पाणी गेलं असेल आत."

"पट्टी सोडून पुसते मी."

"आधी हात धुतेस ना? साबणाने, नीट?"

वहिनीने हातातला मोबाइल खाली ठेवला. साबणाने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्या बघायला लेकीला फुरसत नव्हती, ती कपाटातला खोका उघडत होती. आठवडाभर पुरेल म्हणून परवाच आणलेला खोका तळाला गेला होता.

"एवढ्या पट्ट्या गेल्या कुठे? कुणाला दिल्यास का?"

वहिनी बाल्कनीत गेली आणि गाठ मारलेली पिशवी घेऊन आली. लेकीच्या पायाशी ठेवून तिने गाठ सोडली. आत वापरलेल्या पट्ट्या होत्या, एकूण एक जांभळ्या. लेकीने नाकाला रुमाल लावला.

"कचऱ्यातच टाकणार होते. मग म्हटलं, ताई विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. घ्या मोजून. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दोघी एकमेकींना पाण्यात बघायच्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यापायी कुणी घाण जपून ठेवील असं लेकीला वाटलं नव्हतं. तिला राग आला, मग लाज वाटली. लाज फार वेळ टिकली नाही, कारण तेवढ्यात तिला दुसराच घोर लागला.

"म्हणजे माझा रंगच खोटा," ती पुटपुटली. "न भरताच जांभळी होतेय ही."

"उचलून बघा ना एखादी."

लेकीने हातमोजा चढवला आणि वरचीच एक उचलली. पट्टी चांगली जड लागली.

"रंग खोटा नाही, ताई. काल मी सांगितलं तुम्हाला, जखमेचा वास बदललाय. तुम्ही म्हणालात, स्वच्छता ठेव."

म्हणाली होती खरी. वहिनीवर संशय घेऊन झाला होता, पाण्यावर, साबणावर, शेवटी आपल्याच रंगावरही. जखमेवर घ्यायचा तेवढा राहिला होता.

"भांडण सावकाश करा गं," कुशीवरूनच आई म्हणाली. "आधी मला काहीतरी पांघरा. हुडहुडी भरलीय."

खोलीत घाम फुटावा इतकं उकडत होतं. लेकीने हातमोजा काढून पट्टीच्या बाहेरची कातडी पालथ्या हाताने चाचपली. कातडी फणफणली होती. लाली पार मांडीकडे उतरली होती. आल्यापासून तिने त्या जांभळ्या चौकोनाच्या बाहेर एकदाही बघितलं नव्हतं. ती घाबरली. आईचा दंड तिने उगाचच घट्ट धरला.

"वहिनी, दादाला गाडी आणायला सांग. लवकर!"

"निघालेत. तुम्ही ठिपका शोधत होतात ना, तेव्हाच मेसेज केला त्यांना."

लेकीने मान वर केली नाही. दोघींनी मिळून आईला पांघरूण घातलं.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागाच्या दारातच नर्सने त्यांना थांबवलं. स्ट्रेचर आत गेलं. त्याच्या मागोमाग लेकीने एक पाय आत टाकलासुद्धा. ही पट्टी आपणच तयार केलेली, तिचा रंग कसा वाचायचा, हे तिने चालता चालता सांगायला सुरुवात केली होती.

"ते नंतर," नर्स म्हणाली. "पेशंटबरोबर एकालाच येता येईल. घरी जखम कोण बघतं?"

लेकीने पाय मागे घेतला.

"ही बघते," ती म्हणाली. "मी नुसती पट्टी बघते. हिला घ्या आत."

वहिनी लगेच हलली नाही. यातही काही मेख आहे का, ते तिने आधी नणंदेच्या चेहऱ्यावर शोधलं. मग ती आत गेली.