हिरवी की लाल?

सत्त्याण्णव सालची गोष्ट. येत्या रविवारी उघड्या गाडीतून नंदीच्या डोंगरावर नेईन, असा शब्द फत्तेसिंगांनी बायकोला दिला होता. म्हणून गाडी विकत घ्यायला ते येलहंक्याला वासुदेवअण्णांकडे आले. अंगणात दोन जुन्या गाड्या होत्या, दोनच माणसांच्या, टप दुमडणाऱ्या. एक हिरवी, एक लाल. "दोन्ही अर्ध्या सेल्फला सुरू होतात, साहेब. डोळे मिटून कुठलीही घ्या," वासुदेवअण्णा म्हणाले. डोळे मिटा म्हणणाऱ्यासमोर फत्तेसिंग पापणीही लववत नसत. त्यांनी मालकाला सोडून हिरवीत झोपलेल्या कुत्र्यावर नजर ठेवली. तिची किल्ली खुळखुळताच कुत्रा मुकाट्यानं उतरला, मागे गेला आणि डिकीला पुढचे दोन्ही पाय लावून ढकलायच्या तयारीत उभा राहिला. "स्वल्प थंडी आहे," वासुदेवअण्णा पुटपुटले. लाल गाडीची किल्ली काढल्यावर कुत्रा तडक फाटकाबाहेर बसथांब्यावर जाऊन बसला. "सरी, ठरलं, हिरवी घेतो," फत्तेसिंग म्हणाले, "कुत्र्यासकट."