स्कूटीचा डाव

नागपूरचा दिवाकर पूल या टेबलावरच्या बॉलच्या खेळातल्या पैजांवरच जगायचा. रायपूरला आला की तिथल्याच लोकेशच्या जीजाजीकडून जिंकलेली स्कूटी शंकर नगरच्या पूल पार्लरसमोर मुद्दाम आडवी लावायचा. जीजाजीला आधी एक डाव जिंकू देऊन त्याने भरीस घातलं होतं. तेव्हापासून दीदी जीजाजीशी बोलत नव्हती आणि लोकेश दात खाऊन होता.

आज लोकेश छाती काढून टेबलापाशी गेला. "भैया, एक गेम हो जाए? मेरी बाइक, आपकी स्कूटी."

दिवाकरने जोडीदाराला डोळा मारला आणि लोकेशसमोरच बिनधास्त नागपुरी मराठीत म्हणाला, "पोट्टं लय कच्चं दिसते बे. स्कूटी हारून देतो याले. चढला की घरची कार लावते, पाह्यजो!"

लोकेश भोळ्या चेहऱ्याने काठीला खडू घासत राहिला. शेवटी दिवाकरने भोकाच्या तोंडावरचा काळा बॉल हुकवला, लोकेशने तो आत ढकलताच कपाळ बडवलं आणि चावी टेबलावर टाकली. "अब कार लगाओ, भैया!"

लोकेशने चावी खिशात घातली.


"नाही जमत, दिवाकरभाऊ. घरी आई वाट पाहून राहिली, अन् मले खरंच खेळता येत नाही."